थायरॉइड ‘वाढलाय’ की बेफाम सुटलाय? रिपोर्ट आणि लक्षणं कशी वाचायची

टीएसएच जास्त आला की आपण सर्रास ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणतो. असतं नेमकं उलटं. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा थायरॉइडला दिलेला हुकूम, म्हणजे एक हार्मोन. थायरॉइड सुस्तावली की हुकूम वाढतो, ती बेफाम सुटली की जवळजवळ थांबतो. म्हणून अतिसक्रिय थायरॉइडमध्ये टीएसएच कमी दिसतो. साधारण मर्यादा ०.४ ते ४, इथे तो बहुधा ०.१ च्याही खाली असतो.

भूक उत्तम असून वजन उतरणं, छातीत धडधड, उकाडा सहन न होणं, वारंवार शौचाला जावं लागणं, पाळीत कमी रक्तस्राव, चिडचिड, झोपमोड ही नेहमीची लक्षणं. घरी तीन गोष्टी पाहता येतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण १ मिनिट नाडी मोजा. सलग काही दिवस ९० च्या पुढे असेल तर नुसत्या काळजीवर ढकलू नका. हात समोर ताठ धरून बोटं फाकवा आणि वर एक पातळ कागद ठेवा. बारीक कंप नुसत्या डोळ्यांना दिसला नाही तरी कागदाची कड थरथरते. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठा. जमत नसेल तर मांड्यांचे स्नायू झिजत असू शकतात.

वयस्कर माणसं फसवतात. त्यांच्यात कंप नाही, घाम नाही, नुसता थकवा आणि अनियमित नाडी असते, आणि उपचार फक्त हृदयाचे चालू राहतात.

टीएसएच कमी आला तर फ्री टी-४ आणि फ्री टी-३ (थायरॉइडची स्वतःची दोन हार्मोन) दोन्ही करा, कारण काही जणांत फक्त टी-३ वाढतो. केसांसाठी बायोटिनच्या (एक जीवनसत्त्व) गोळ्या चालू असतील तर किमान २ दिवस आधी बंद करा. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येतात, आणि धडधाकट माणूस कागदावर रोगी ठरतो. सुस्त थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर तिचा डोस जास्त होतोय का, हेही आधीच विचारून घ्या.

खरं काम पुढे आहे: कारण शोधणं. सर्वात जास्त आढळणारा ग्रेव्हज आजार. त्यात टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी, म्हणजे थायरॉइडला उगाच चेतवणारी शरीराचीच प्रतिपिंडं, सापडतात, कधी डोळे बटबटीत होतात. मग येतात हार्मोन सोडणाऱ्या गाठी. तिसरा प्रकार थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन गळणं, बाळंतपणानंतरही होतं. इथे कार्बिमॅझोल हे थायरॉइड आवरणारं औषध निरुपयोगी, कारण ते नवं हार्मोन बनणं रोखतं, गळती नाही.

चित्र स्पष्ट नसेल तर आयसोटोप स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथी ते किती शोषते याचं चित्र. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी सगळी सारखी उजळते, गाठ असेल तर तेवढीच, थायरॉइडायटिसमध्ये जवळपास काहीच नाही. आधीच्या काही आठवड्यांत आयोडीनयुक्त डाय टोचून सीटी स्कॅन झाला असेल किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं आयोडीनयुक्त औषध) चालू असेल तर स्कॅन फसतो. तसं आधी सांगा. गरोदरपणात हा स्कॅन करत नाहीत. पहिल्या तिमाहीत टीएसएच आपोआपही उतरतो, म्हणून तेव्हा अँटिबॉडीच्या तपासणीवर भर असतो.

कार्बिमॅझोल सुरू करण्याआधी रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. नंतर ताप किंवा घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या. जोराचा ताप, बरळणं आणि १४० च्या पुढे नाडी, असं एकत्र आलं तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.