हिरा घेताना या चुका टाळा

लग्नाची खरेदी निघाली की नातेवाईक मला सोबत नेतात, कारण माझ्या पर्समध्ये दहापट मोठे दाखवणारे भिंग असते. गेली अनेक वर्षे पणजी, म्हापसा आणि मडगावच्या पेढ्यांवर मी त्याच त्या चुका पाहत आले आहे, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रमाणपत्रावरील शुद्धतेची श्रेणी पाहून भारावून जाणे आणि पैलूंची घडण, म्हणजेच कट, न पाहणे. माझ्या भाचीने मला न विचारता ९० सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) गोल हिरा घेतला. रंग एफ (डी म्हणजे रंगहीन, पुढच्या अक्षरांगणिक पिवळसरपणा वाढतो), शुद्धता व्हीव्हीएस-१, म्हणजे आतले दोष भिंगातूनही जेमतेम दिसणारे. या दोन नोंदींवर ती निर्धास्त होती. अंगठी बोटात घालून ती घरी आली, बाल्कनीत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, दुकानात एवढा चमकत होता, आता मधोमध काळा का दिसतो?" मी प्रमाणपत्र मागितले. व्यास सुमारे ६ मिलिमीटर, खोली व्यासाच्या ६८ टक्के आणि कटच्या रकान्यात 'फेअर'. हा शब्द तिला 'ठीक आहे' असा वाटला होता. प्रत्यक्षात एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर या पाच पायऱ्यांमधील ती खालून दुसरी पायरी आहे. गोल हिऱ्याची खोली साधारण साठ टक्क्यांच्या आसपास असावी लागते. ती फार वाढली की आत शिरलेला प्रकाश वर परतण्याऐवजी तळातून निसटतो, आणि वजनाचा बराच भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या खालच्या अंगात दडून राहतो. सहा मिलिमीटरचा व्यास चांगल्या घडणीच्या ८० सेंटच्या हिऱ्यालाही मिळतो, म्हणजे दहा सेंटांचे पैसे तिने केवळ खोलीसाठी मोजले. दुकानदाराने अंगठी बदलून दिली खरी, पण घडणावळ कापून घेतली. व्हीव्हीएस आणि त्याखालची व्हीएस श्रेणी यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी आधी कट पाहते, शुद्धता नंतर, आणि उरलेले पैसे घरात ठेवते.

दुसरी चूक दुकानातील दिव्यांवर विश्वास ठेवण्याची. ते दिवे चमक वाढवण्यासाठीच लावलेले असतात. मी पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्या खाचेत हिरा उपडा ठेवते आणि दारापाशी, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात बाजूने पाहते. पिवळसर छटा असेल तर ती तिथे लपत नाही. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी हे काम फार चांगले होते. ज्यांना पंधरा मिनिटांत खरेदी उरकून जेवायला जायचे असते, त्यांनी हिरा घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. दागिना पिवळ्या सोन्यात घडवायचा असेल, तर डी रंगासाठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते. जी किंवा एच रंगाचा हिरा सोन्याच्या छटेत पांढराच दिसतो.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) सोन्याची शुद्धता सांगतात, हिऱ्याची नाही. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा कॅरेट वजनाचा, म्हणजे २०० मिलिग्रॅम. बोलताना शब्द एकच असल्याने फसगत होते. 'एक कॅरेटची अंगठी' म्हणून दाखवलेली वस्तू दोन-दोन सेंटच्या पन्नास खड्यांची असू शकते, आणि तिची किंमत एकसंध एक कॅरेटच्या हिऱ्याच्या जवळपासही जात नाही.

खडा उष्णता किती चटकन वाहून नेतो हे तपासणाऱ्या पेनने खात्री झाली असे समजू नका. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडाही त्या चाचणीत बहुधा उत्तीर्ण होतो, आणि प्रयोगशाळेत घडवलेला हिरा तर रसायनाने खराच हिरा असल्यामुळे ते पेन त्याला वेगळा काढूच शकत नाही. तसा हिरा घेण्यात गैर काही नाही, पण तो नैसर्गिक हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो, म्हणून भाव त्याचाच द्यावा.

प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल, तर तो भिंगातून स्वतः वाचावा. कोंदणात बसवल्यावर तो झाकला जाऊ शकतो, म्हणून मी सुटा हिरा पाहिल्याशिवाय होकार देत नाही. शेवटी पावतीवर हिऱ्याचे वजन, रंग, शुद्धता, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि 'नैसर्गिक' किंवा 'प्रयोगशाळेतील' हा शब्द लिहून घ्यावा, आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगळे मागावे. दोन कॅरेटचे खडे ४०० मिलिग्रॅम भरतात, आणि त्यांना सोन्याचा भाव लावलेल्या पावत्या मी स्वतः पाहिल्या आहेत.