ऑक्सालिप्लॅटिनचं इंजेक्शन सुरू आहे? सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे काही न विचारता गार पाणी देतात. आईला ऑक्सालिप्लॅटिनचा पहिला डोस देऊन घरी आलो, तर शेजारच्या काकूंनी फ्रीजमधलं ताक आणून ठेवलेलं. दुसऱ्याच घोटाला आईने गळा धरला. "घशात काटं टोचल्यागत झालं गं, श्वासच घेता येईना बघ." घाबरून वॉर्डात फोन केला. सिस्टरांचा पहिला प्रश्न, "गार काही दिलं का?" कोमट पाणी घोट-घोट दिलं, तेव्हा कुठे गळा मोकळा झाला. सूचनांच्या कागदावर हे सगळं होतं. कागद आम्ही फाइलीत घालून ठेवला होता.

हे औषध प्लॅटिनमपासून बनलेलं आहे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बरंच वापरतात. (आपण सरसकट 'सलाइन लावलं' म्हणतो, पण याला मिठाचं सलाइन चालत नाही, ग्लुकोजमधूनच देतात.) ते नसांवर परिणाम करतं आणि गार लागलं की नसा भडकतात. डोसनंतरचे पाच-सहा दिवस तरी जपायचे. बर्फगोळा, उसाचा रस, फ्रीजचं पाणी बंद. माठाचं चालेल असं आम्हाला वाटलं होतं, तेही आईला झोंबलं. कूलर थेट तोंडावर नको. फ्रीजमधून भाजी काढायला गेली तरी बोटांना झिणझिण्या यायच्या, मग दारालाच एक टॉवेल अडकवून ठेवला. टॉवेलांना काय तोटा सोलापुरात!

पण प्रत्येक वेळी गारव्यावर ढकलू नका. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, छातीत घरघर झाली, चक्कर आली, तर ती ॲलर्जी असू शकते. सहा-सात डोस सुरळीत गेल्यावरही ती येते. औषध चालू असताना असं काही वाटलं तर त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारा, घरी असाल तर थेट दवाखाना गाठा. सुईच्या जागी आग होत असेल तरी लगेच सांगा. तिथे आपल्या मनाने बर्फ लावू नका, या औषधाला तो उलटा पडतो.

तापाच्या बाबतीत आपलं शहरच आपल्याला फसवतं. अंग तापलं की 'ऊन लागलं असेल', म्हणून कांद्याचा रस आणि क्रोसिन. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असला तरी निघायचं.

पहिले ४८ तास उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश दोनदा करा. आणि केस फारसे गळले नाहीत म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नका, याने केस कमीच जातात.

सगळ्यात मोठी चूक मात्र आईनेच केली. तिचा जन्म विड्या वळण्यात गेला. सातव्या डोसनंतर विडीचा दोरा तिच्या बोटांत सापडेना. दोन डोसांच्या मधल्या दिवसांतही बधिरपणा जाईना. औषध बंद करतील या भीतीने ती बोललीच नाही. एकदा ब्लाऊजचं हूक लावता येईना, तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी डोस कमी केला. हा बधिरपणा साठत जातो, औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, म्हणून लवकर सांगा म्हणाले.

आता दर वेळी निघण्याआधी आई सुपातला दोरा घेऊन गाठ मारून बघते. नाही बसली तर डॉक्टरांना आधी तेच सांगते.