पिल्लाला बाहेर फिरायला कधी न्यायचं? या चुका टाळा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवडाभरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "सगळे डोस होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका." कुणी म्हणतं, "पळू द्या हो, पाय मजबूत होतील." दोघांचंही म्हणणं मनापासूनचं असतं आणि दोघांचंही अर्धंच बरोबर असतं.

पिल्लाच्या अंगात तीन कामं एकदम चालू असतात. रोगाशी लढायची ताकद तयार होत असते, मन जगाची ओळख करून घेत असतं आणि हाडं वाढत असतात. या तिन्हींचं वेळापत्रक वेगवेगळं आहे. म्हणून आधी स्वतःला विचारा, की बाहेर न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं आहे? कडेवर घेऊन जग दाखवायचं, जमिनीवर सोडायचं, की पळवून दमवायचं? तिन्हींची वेळ निरनिराळी येते. पुढच्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

"एक इंजेक्शन झालंय, आता काय भीती?"

सर्वात महागात पडणारी चूक हीच. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, मिळतात. सुरुवातीचे आठवडे ती त्याचं रक्षण करतात, पण लसही निकामी करतात. पुढे ती ओसरत जातात आणि मधे असा काळ येतो, की रोग अडवायला ती पुरत नाहीत, पण लस अडवायला पुरेशी असतात. हा काळ नेमका कधी येईल हे बाहेरून कळत नाही. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही तो वेगळा असू शकतो.

म्हणून लसीकरण 6 ते 8 आठवड्यांना सुरू करून दर 2 ते 4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं होईपर्यंत देत राहायचं असतं. पुष्कळांना वाटतं, की आधीच्या डोसाला बळ देण्यासाठी पुढचे डोस असतात. खरं तर त्यातला एक तरी डोस योग्य वेळी पडावा, यासाठी ही सगळी खटपट आहे. त्यामुळे 16 आठवड्यांच्या आसपासचा शेवटचा डोस फार मोलाचा. कार्डावर शेवटची तारीख 10 किंवा 12 आठवड्यांची असेल, तर "कोर्स पूर्ण" असं गृहीत धरू नका, पशुवैद्यांना विचारा. रेबीजची लस साधारणपणे 12 आठवड्यांनंतर दिली जाते, तीही चुकवू नका. शेवटच्या डोसानंतरही शरीराला एक-दोन आठवडे लागतात. सार्वजनिक जागी, जिथे अनोळखी कुत्री येतात-जातात, तिथे पिल्लाला मोकळेपणी चालवायचं ते त्यानंतरच.

इतकी काळजी मुख्यतः पार्व्हो या ओकाऱ्या-जुलाबांच्या आजारासाठी. कुत्र्यांमधला त्याचा विषाणू 1978 मध्ये ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. तो आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि सावलीतल्या ओलसर मातीत अनेक महिने, कधी वर्षभरही टिकतो. म्हणजे आजारी कुत्रं समोर दिसायलाच हवं असं नाही. चार महिन्यांपूर्वी तिथे एखादं बसून गेलं असेल, तरी धोका आहे. घरात आधी पार्व्हो झालेलं पिल्लू होऊन गेलं असेल, तर साध्या साबणावर विसंबू नका. फरशी नीट धुऊन मग पातळ केलेलं ब्लीच, म्हणजे एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. आणि आपल्या चपला-बूट दाराबाहेर ठेवणं हा सर्वात सोपा उपाय आहे.

"मग चार महिने घरातच ठेवतो"

हे वाचून घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी गेले होते. माझ्या पहिल्या पिल्लाला मी साडेचार महिन्यांचं होईपर्यंत दाराबाहेर काढलं नाही. एकही आजार झाला नाही, पण पहिल्यांदा रस्त्यावर आणलं तेव्हा गाडीचा हॉर्न वाजताच ते जमिनीला चिकटून थरथरायला लागलं. छत्री, टोपी घातलेली माणसं, लहान मुलं, सगळ्याचीच भीती. ती कमी व्हायला दीड वर्ष गेलं आणि पूर्ण कधीच गेली नाही. ते वर्ष मला आजही लागून राहिलं आहे.

पिल्लाचं मन जगाला सहज स्वीकारतं ते 3 ते 12-14 आठवड्यांच्या वयात. लसींचा कोर्स संपतो 16 आठवड्यांच्या पुढे. म्हणजे कोर्स संपायची वाट पाहिली, तर ही खिडकी बंद झालेली असते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही हेच सांगितलं आहे. पहिला डोस आणि जंतांचं औषध होऊन किमान 7 दिवस झाले, की 7-8 आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागी, लस झालेल्या पिल्लांच्या वर्गात जाऊ शकतं.

वर्ग नसला तरी करण्यासारखं खूप आहे. पिल्लाला कडेवर किंवा झोळीत घेऊन रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. गाडीतून फेरी मारा. बाकावर बसून मांडीवरून माणसं दाखवा. परकी कुत्री येत नाहीत अशा अंगणात किंवा गच्चीवर त्याला जमिनीवर सोडा, गवत, वाळू, फरशी पायाखाली येऊ द्या. ओळखीच्या घरी लस झालेला, निरोगी आणि शांत स्वभावाचा मोठा कुत्रा असेल, तर भेट घडवा. शेपूट पायांत गेली, अंग आखडलं, दिलेला खाऊही घेत नसेल, तर लगेच लांब व्हा. "सवय होईल" म्हणून भीतीच्या तोंडी उभं ठेवलं, तर भीतीच पक्की होते. तुमच्या भागात पार्व्होची साथ असेल, तर जमिनीवर कुठे सोडायचं हे तुमच्या पशुवैद्यांनीच ठरवावं.

दमवलं की शांत बसेल, असं समजणं

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा भाग असतो. हाड तिथूनच वाढतं आणि दुखापतही तिथेच लवकर होते. लहान जातींत हा भाग साधारण 6 ते 10 महिन्यांत बंद होतो, मोठ्या जातींत 12 ते 18 महिने लागतात, अजस्र जातींत त्याहूनही जास्त. दिसायला धिप्पाड झालेलं सात महिन्यांचं पिल्लू आतून कच्चंच असतं, हे लोक विसरतात.

"वयाच्या दर महिन्याला 5 मिनिटं" हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. यामागे कुठलाही पक्का अभ्यास नाही, तो अनुभवाचा ठोकताळा आहे. तरी पट्ट्याला बांधून सलग चालवण्यापुरता मी तो पाळते, कारण उत्साही माणसाला कुठेतरी थांबवायला तो बरा पडतो. मोकळेपणी हुंगत, बसत, पुन्हा धावत खेळणं मात्र वेगळं. तिथे दमलं की पिल्लू आपणहून थांबतं. सायकलमागे किंवा जॉगिंगला नेलेलं पिल्लू थांबू शकत नाही, ते तुमच्या ओढीने धावत राहतं.

नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला. हलक्या चढउताराच्या मऊ जमिनीवर मोकळं फिरायला मिळालेल्यांत तो कमी आढळला. लॅब्रॅडॉर त्या चार जातींपैकी एक. तेव्हा जिन्यावर उचलून घ्या, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर चेंडू फेकत बसू नका. चेंडूमागे अचानक वळणं आणि करकचून थांबणं कोवळ्या सांध्यांना फार जड जातं.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? पिल्लू मागे राहतं, मधेच बसकण मारतं, झोपून उठल्यावर लंगडतं किंवा आखडल्यासारखं चालतं. घरी येऊन वेड्यासारखं चावत सुटतं, ते कधी कधी अतिथकव्याचंच लक्षण असतं. अशा वेळी त्याला आणखी फिरवू नका, झोपू द्या. लहान पिल्लं दिवसाचे 18-20 तास झोपतात आणि ती झोप त्यांना लागतेच.

ऊन आणि इतर बारीकसारीक

तापलेल्या रस्त्यावर तळहाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. चपट्या नाकाच्या पिल्लांना उन्हात आणखी जपा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदीर किंवा इतर जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार त्यात येतो. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका. ओढणाऱ्या पिल्लाला गळपट्ट्यापेक्षा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, बरा. घरी आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा.

"उद्या बघू" म्हणणं

पार्व्होची लक्षणं बहुधा संसर्गानंतर 3 ते 7 दिवसांत दिसतात. मलूल पडणं, खाणं सोडणं, ओकाऱ्या, मग घाण वासाचे, बरेचदा रक्ताचे जुलाब. लहान पिल्लू काही तासांत कोरडं पडतं, म्हणून रात्र काढू नका. उन्हात धापा टाकत कोसळलं, तर सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. लंगडणं एका दिवसात थांबलं नाही, तरीही दाखवा.

आणि निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून लक्षणं सांगा. जुलाब होणाऱ्या पिल्लाला ते वेगळ्या दाराने आत घेतील. तुमचं पिल्लू धडधाकट असून फक्त लसीसाठी आलं असेल, तरीही त्याला मांडीवरच धरा. त्या फरशीवर सकाळपासून कितीतरी आजारी कुत्री बसून गेलेली असतात.