कॉलेजला दरमहा देणगी द्यायची? आधी खातं कुणाचं ते विचारा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात रात्री साडेदहाला जाहीर झालेल्या देणग्या बहुधा सकाळच्या तर्री-पोह्यापर्यंतही टिकत नाहीत. टिकते ती बँकेतून दर महिन्याला आपोआप जाणारी छोटी रक्कम. 500 रुपये धरा. आठवणसुद्धा होणार नाही इतकीच रक्कम ठेवा.

आता खातं. इथे मी तीन वर्षं फसलो. बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी खाते क्रमांक टाकला, मी तो न विचारता लावला. ते खातं कॉलेजचं नव्हतंच, कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचं होतं. त्या संस्थेच्या दोन शाळाही आहेत. माझे पैसे सर्वसाधारण निधीत गेले आणि एका शाळेच्या रंगरंगोटीत जिरले. अफरातफर कुणीच केली नाही. पैसे कशासाठी, हे मीच कुठे लिहून दिलं नव्हतं.

तर पैसे घेणारा कोण, हे आधी ठरवा. सरकारी कॉलेज, खाजगी संस्था, माजी विद्यार्थी संघ, हे तीन वेगळे कारभार आहेत. संघ असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब मागा. मागताना लाजू नका. ‘काय भाऊ, विश्वास नाही का?’ असं कुणी म्हणालं, तर खुशाल नाही म्हणा. खजिनदार मित्राच्या स्वतःच्या खात्यात तर एक रुपयाही टाकू नका, तो कितीही सज्जन असो. त्याची पुण्याला बदली झाली की हिशेबही पुण्याला जातो.

मग प्राचार्यांना एका पानाचं पत्र द्या: रक्कम कोणत्या कामासाठी, आणि ती चालू खर्चाची आहे, कायम निधीची नाही. पोच घ्या. पावतीवरही तोच हेतू लिहून घ्या. ‘कायम निधी’ शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यातलं फक्त व्याज वापरायचं असतं. वर्षाच्या 6000 रुपयांवर 7 टक्क्यांनी 420 रुपये येतात. त्यात गडचिरोलीहून आलेल्या पोराची आठवडाभराची मेससुद्धा भागायची नाही. कायम निधी मोठ्या एकरकमी देणगीला शोभतो. डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या पैशांतून 1942 साली इथे नागपुरात एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, उभी राहिली. आपले 500 रुपये परीक्षेचा फॉर्म, मेस, बसचा पास यांतच कामाला येतात. संगमरवरी पाटीचा हट्टही सोडा, पाटीच महाग पडते.

बँकेत यूपीआय ऑटोपे किंवा स्थायी सूचना लावा. तारीख पगारानंतरची, पाच किंवा सात.

आयकराचं थोडक्यात. सूट मिळवायची तर घेणाऱ्याकडे 80जीची मान्यता हवी, तुमचा पॅन त्यांच्या नोंदीत बरोबर हवा आणि 2000 रुपयांवरची रक्कम रोखीने देऊ नये. तुम्ही नवीन करप्रणाली घेतली असेल तर ही सूट मिळतच नाही, मग त्यावर अडून राहू नका. संस्थेने देणगीदारांचं विवरण भरलं तरच प्रमाणपत्र निघतं. म्हणून जूनमध्ये लेखा विभागात एक फोन करा. तिथल्या बाबूंशी गोड बोला.

बॅचमधला अमेरिकेचा नागरिक झालेला मित्र ‘मीही देतो’ म्हणाला, की थांबा. त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं नसेल, तर ते घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून स्वतःच्या बचतीतून दिलं, तर ही अडचण नाही.

सहा महिन्यांनी एकदा कॉलेजात जा आणि पैसे किती मुलांना, कशासाठी दिले ते विचारा. नावं मागू नका. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर ऑटोपे बंद करा आणि कारण पत्रात लिहून द्या. मी एकदा केलं होतं. आठवड्याभरात खर्चाची यादी आली.