पाण्याचं वय काढा, मग प्लवक ओळखा

क्लोरोफिलचा (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतल्या, म्हणजे प्लवकांतल्या हिरव्या रंगद्रव्याचा) उपग्रह-नकाशा उघडला की नवीन माणूस हमखास लालभडक पट्टा शोधतो आणि ‘इथे प्लवक भरपूर’ म्हणून मोकळा होतो. किती आहेत याचा ढोबळ अंदाज त्यातून येतो. पण कोणते आहेत? त्यासाठी मी शिकाऊ मुलांना आधी दोन प्रश्न सोडवायला लावते: हे पाणी आलं कुठून, आणि उजेडात येऊन त्याला किती दिवस झाले? हे दिवस म्हणजेच पाण्याचं वय. प्लवक प्रवाहाविरुद्ध पोहत नाहीत. पाणी नेईल तिकडे जातात, आणि वाटेत पाणी बदलतं तशी त्यांची वस्तीही बदलते.

लागणारं साहित्य फुकट आहे. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर क्लोरोफिल आणि पृष्ठभागाचं तापमान हे दोन थर घ्या, प्रवाहांसाठी नलस्कूलचा पृथ्वीनकाशा (earth.nullschool.net) उघडा आणि तिन्हीकडे एकच तारीख ठेवा. रंगपट्टी नीट वाचा. क्लोरोफिलची पट्टी सहसा लघुगणकी असते, त्यामुळे रंगातला थोडा फरक म्हणजे प्रत्यक्षात कित्येक पट फरक असू शकतो. महासागराच्या मधल्या निळ्या भागात घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी क्लोरोफिल असतं. किनाऱ्यालगत जिथे खोलचं पाणी वर येतं तिथे ते १ च्या बरंच वर जातं. ढगांमुळे नकाशा फाटका दिसला तर आठ दिवसांचा किंवा महिन्याचा एकत्रित नकाशा वापरा. तापमानासाठी सूक्ष्मलहरींवर चालणारे उपग्रह आहेत, त्यांना ढगांआडूनही दिसतं.

आता सरावाला सोमालियाचा किनारा आणि ऑगस्ट महिना घ्या. माझं हे आवडतं उदाहरण आहे, कारण एका चौकटीत सगळं सापडतं. नैर्ऋत्य वारे किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर सरकतं, आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, नायट्रेट आणि सिलिकेटने भरलेलं पाणी वर येतं. तापमानाच्या नकाशात ही थंड जीभ किनाऱ्याला चिकटलेली दिसेल. तिचं किनाऱ्याकडचं, सर्वांत थंड टोक पकडा. तो तुमचा शून्य दिवस.

तिथून प्रवाहाच्या दिशेने पुढे सरका आणि अंतराचे दिवस करा. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर पाणी दिवसाला साधारण ४३ किलोमीटर जातं. भर मोसमात सोमाली प्रवाह याच्या कित्येक पट वेगाने धावतो, म्हणून वेग नकाशावरूनच घ्या, सरासरी ठोकून देऊ नका. नुकत्याच वर आलेल्या पाण्यात पोषकद्रव्यं मुबलक असतात, पण क्लोरोफिल कमी, कारण पेशी अजून वाढायच्या असतात. अनुकूल परिस्थितीत डायटम (सिलिकाचं काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय वनस्पती) दिवसातून एक-दोनदा विभागतात. त्यामुळे हिरवा पट्टा सर्वांत थंड जागेवर न दिसता काही दिवसांच्या अंतरावर, प्रवाहाच्या पुढच्या अंगाला उमटतो. त्यांना खाणाऱ्या कोपेपॉडची (बारीक कवचधारी प्राण्यांची) पिढी उभी राहायला आठवडे लागतात, म्हणून खाणारे आणखी पुढे सापडतात. सिलिकेट संपलं की डायटमची सद्दी संपते आणि लहान पेशींचं राज्य सुरू होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली हा क्रम डोळ्यांना दिसतो. तरुण, घुसळलेल्या पाण्याच्या थेंबात कीटोसेरॉस या डायटमच्या साखळ्या असतात: चौकोनी पेशी एकापुढे एक, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यांतून लांब काटे बाहेर आलेले. थर शांत झालेल्या, जुन्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे एकपेशीय जीव, वाढतात. त्यातलं ट्रायपॉस तीन शिंगांमुळे लगेच ओळखू येतं. घुसळण आणि पोषण या दोन अक्षांवर प्लवकांची अशी मांडणी स्पॅनिश पर्यावरणशास्त्रज्ञ रामोन मार्गालेफ यांनी १९७८ मध्ये केली. अपवाद भरपूर असले तरी पहिला अंदाज बांधायला मी अजून तीच वापरते.

त्याच चौकटीत ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा प्रचंड भोवरा दिसेल. तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. उत्तर गोलार्धात असा भोवरा पोटातलं पाणी खाली दाबतो, म्हणून मध्य उबदार आणि पोषणाला गरीब असतो. उलट फिरणारा भोवरा खालचं पाणी वर उचलतो. दक्षिण गोलार्धात दिशा उलट धरायच्या; परीक्षेत मुलं इथेच गडबडतात. पण भोवऱ्याच्या कडेकडे जास्त लक्ष द्या. किनाऱ्याचं हिरवं पाणी ओढून शेकडो किलोमीटर आत समुद्रात नेणाऱ्या शेपट्या तिथेच असतात, आणि किनाऱ्यावरची वस्ती त्यांच्यासोबत प्रवास करते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ अगुल्हास प्रवाहातून सुटणारे भोवरे तर हिंदी महासागराचं पाणी अटलांटिकमध्ये नेतात. जगभरच्या समुद्रांतून प्लवक गोळा करणाऱ्या ‘तारा’ या संशोधन-जहाजाच्या नमुन्यांवरच्या अभ्यासात दिसलं, की दोन ठिकाणांतला प्रवाहाने होणारा प्रवास जितका लांब, तितकी त्यांची वस्ती वेगळी होत जाते आणि हा संबंध सुमारे दीड वर्षाच्या प्रवासापर्यंत टिकतो. म्हणून दोन नमुन्यांची तुलना करताना नकाशावरचं सरळ अंतर मी जवळजवळ विचारातच घेत नाही.

एक फसवी गोष्ट. दोन प्रवाह जिथे एकमेकांकडे येतात तिथे पाणी खाली जातं आणि तरंगणारं सगळं रेषेत गोळा होतं. ट्रायकोडेस्मियम या नीलहरित जीवाणूच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो अशा रेषांत हटकून साचतो. ते साचणं आहे, तिथे वाढ झालीच असं नाही. शंका आली तर आदल्या आठवड्याचा नकाशा काढून आजूबाजूचं पाणी फिकं पडलंय का ते बघा.

नमुना घ्यायला बोटीवर जाणार असाल तर दोन पाण्यांमधल्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना घ्या, एकाच बाजूचा असेल तर तुलना कशाशी करणार? २० मायक्रॉनची जाळी सावकाश ओढा आणि तापमान-क्षारता तिथल्या तिथे लिहा. जपणुकीसाठी लुगॉलचं (आयोडीनचं) द्रावण पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत थेंबथेंब घाला. कोकोलिथोफोर हवे असतील तर आम्लयुक्त लुगॉल नको, त्यांच्या चुन्याच्या चकत्या विरघळतात. निळ्या, जुन्या पाण्यात जाळी जवळजवळ रिकामी आली तर ‘काही नाही’ असं लिहू नका. १९८८ मध्ये नोंदवला गेलेला प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू जेमतेम ०.६ मायक्रॉनचा आहे, तो जाळीतून सरळ निघून जातो. त्यासाठी न गाळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत घ्या. तिथे क्लोरोफिलचा मोठा साठा बऱ्याचदा शंभरेक मीटर खाली असतो आणि तो उपग्रहाला दिसत नाही, तेव्हा एक बाटली त्या खोलीवरूनही भरा. चिठ्ठीवर जागा आणि वेळ लिहाल तेव्हा शेजारी पाण्याचं अंदाजे वयही दिवसांत लिहा. पेशी मोजायला बसणाऱ्याला आधी तेच लागतं.