पहिली बंदूक हलकी हवी, पण किती हलकी?

वर्कशॉपच्या छताला एका कडीत मी ताणकाटा टांगून ठेवलाय. काटोलला मामांच्या बागेत त्यावर संत्र्याचे क्रेट तोलायचे. आता मी त्यावर बंदुका तोलतो. पहिली बंदूक घ्यायला निघालेला माणूस आला, की आधी त्याला त्या काट्यापाशी उभं करतो.

नागपुरात, महालातल्या एका गल्लीत, बंदूकदुरुस्ती करायला लागून मला २८ वर्षं झाली. इतक्या वर्षांत नवशिक्याची मागणी काही बदलली नाही: "काका, साधी अन् हलकी पाहून द्या." साधी हवी, हे मला पूर्ण पटतं. हलकी म्हटलं की मी विचारतो, कशासाठी?

परदेशात हलक्या बंदुकीचं कौतुक आहे ते चालण्यामुळे. तिथे ससा, लावा, तितर यांच्या शिकारीला माणूस दिवसभर रान तुडवतो आणि बार काढतो जेमतेम पाच-दहा. अशा वेळी अडीच किलोची बंदूक वरदान वाटते. आपल्याकडे ते चित्र लागू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ससा काय, तितर काय, शिकारीला बंदच. पेंच किंवा उमरेडच्या बाजूला शेत असलेल्यांनी हे मनात पक्कं ठेवावं: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं तरी आधी वनखात्याकडे अर्ज आणि तिथून लेखी आदेश, मगच पुढचं. म्हणजे आपल्या नवशिक्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे शॉटगन, येते ती क्ले टार्गेटसाठी, म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्या फोडायला, नाहीतर शेतावर संरक्षणाला. क्लेच्या एका फेरीत २५ टार्गेटं असतात. चालणं नसल्यासारखं, बार मात्र भरपूर. हिशेब उलटा झाला.

हलकी बंदूक हाताला हलकी, पण खांद्याला जड. छर्रे पुढे जातात तितकाच धक्का मागे येतो आणि तो बंदुकीच्या वजनातच जिरतो. जुन्या इंग्रज कारागिरांचा एक आडाखा आहे, मी तो अजून वापरतो: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसाला साधारण २.३ किलो, २८ ग्रॅमला २.७, ३२ ग्रॅमला ३ किलोच्या थोडी वर. ही किमान रेघ समजा. नवशिक्याला मी त्यावर अर्धा किलो वाढवूनच देतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या भाच्याला परवाना मिळाला तेव्हा मीच त्याला २.४ किलोची सुरेख एकनळी निवडून दिली होती, आणि डब्यात होती ती ३२ ग्रॅमची काडतुसं. दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा. तो भरून आला, पण चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागली ती दोन वर्षं गेली नाही. चूक माझी होती. काडतूस आणि बंदूक एकत्र तोलायला मी तेव्हापासून शिकलो.

आता बोअर. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० बोअरची नळी त्याहून बारीक, १५.६ मिलिमीटर. आकडा मोठा, नळी लहान. ४१० मात्र बोअरचा आकडाच नाही, ते इंचाचं माप आहे, ०.४१० इंच; आपल्याकडे लोक तिला मस्केट म्हणतात. "पोरासाठी मस्केट बरी, धक्का नाही," असं सगळे सांगतात. धक्का नाही हे खरं. पण तिच्या आखूड काडतुसात छर्रे जेमतेम १४ ग्रॅम. उडत्या टार्गेटभोवती छर्ऱ्यांची जाळी इतकी विरळ पडते, की नेम बरोबर असूनही टार्गेट शाबूत जातं आणि शिकणाऱ्याचं मन खचतं. मस्केट सरावलेल्या हाताची आहे. २० बोअर मला मनापासून आवडते, पण घेण्याआधी आपल्या काडतूस विक्रेत्याकडे ती काडतुसं वर्षभर मिळतात का ते विचारा. १२ बोअरला ती अडचण येत नाही, आणि हलकं २४ ग्रॅमचं काडतूस घातलं की तीही सौम्य वागते. माझं मत: १२ बोअर, तीन किलोच्या आसपास, काडतूस २४ ग्रॅम.

साधी म्हणजे मोडून उघडणारी. एकनळी किंवा दुनळी. कळ दाबली, नळी खाली झुकली, की भरलेली आहे का रिकामी, हे शेजारी उभ्या माणसालाही दिसतं. पंप ॲक्शनमध्ये, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायच्या बंदुकीत, एखादं काडतूस पोटात राहून जातं. पहिल्या वर्षी ते नको. बाहेरून घोडा असलेल्या जुन्या एकनळीवर माझा जीव आहे, पण भरलेल्या नळीवर घोडा अंगठ्याने हळूच उतरवायचा असतो आणि घामाने अंगठा निसटला तर बार उडतो. नवख्याने नळी उघडावी, काडतूस काढावं, मग घोडा उतरवावा.

जुनी बंदूक घेत असाल तर घाई करू नका. काडतूस नाही याची स्वतः खात्री करा, मग नळीखालचं लाकूड उतरवून बंदूक बंद करा आणि नळी धरून हलवा. खटखट जाणवली तर सांधा ढिला झालाय. नळी काढून उजेडाकडे धरा. आतल्या चकाकत्या वर्तुळात कुठे काळपट कडं दिसलं तर तिथे फुगवटा किंवा पोचा आहे. नळीवर साडीच्या काठासारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, काळ्या बारुदीच्या काळातली. भिंतीवर शोभेल. तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, किती मिलिमीटर लांबीचं, ते नळीवर कोरलेलं वाचा. ६५ आहे का ७०? ७० मिलिमीटर ही उडालेल्या काडतुसाची लांबी. न उडालेलं आखूड असतं, म्हणून ६५ च्या चेंबरमध्येही ते गुपचूप बसतं. बार झाला की तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. बसलं म्हणजे चालतं, असं इथे नाही. तसंच २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं. मागून १२ चं भरलं तर नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. दोन्ही एका पिशवीत कधीच ठेवू नका.

चोकवर, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय त्यावर, फार डोकं खपवू नका. ३६ मीटरवर ७६ सेंटीमीटरच्या वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे ठेवतो, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५० टक्के. नवशिक्याला दुसरा. चुकीला जागा मिळते.

मागच्या उन्हाळ्यात सावनेरकडची एक मुलगी परवाना घेऊन आली, सोबत वडील. वडील म्हणाले, "पोरगी बारीक आहे, हलकीच पायजे." मी तिला काट्यावरची ३.१ किलोची दुनळी दिली, नळ्या उघडून दोघांना दाखवल्या, डोळे मिटून भिंतीकडे रोखायला सांगितलं, मग डोळे उघडायला. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी दिसेना, नळीच्या मागेच नजर अडकली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, लांब होता. वजन तिला अडवत नव्हतंच. दीड सेंटीमीटर दस्ता कापला, मागे रबर पॅड बसवला, आणि तीच बंदूक तिला "हलकी" वाटायला लागली. दोन्ही हातांचा त्रिकोण करून लांबची वस्तू बघायला लावली तर कळलं, तिचा डावा डोळा जोरकस, म्हणजे नेम तोच धरतो. म्हणून डाव्या खांद्यावरून शिकायचं ठरलं.

कागदपत्रं उरकून टाकतो. परवाना आधी, बंदूक नंतर. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. सर्वसाधारण वय किमान २१, बंदुका जास्तीत जास्त दोन, परवान्याची मुदत पाच वर्षं. ही दोन आणि पाचची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतली. नळी २० इंचांपेक्षा आखूड नको, कुणी कापून देतो म्हणाला तर तिथून निघा.

घरी आणल्यावर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात कापडी खोळ ओल धरते, तीत बंदूक ठेवू नका. निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर आदल्या रात्री नळीत आणि बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा, पावती जपून ठेवा. महिनाभराने परत आणली, की त्याच दिवशी कोरड्या कापडाने नळी पुसा. तेल साचलेल्या नळीत बार काढू नका.