ईव्ही चार्जिंगच्या धंद्यात उतरताय? मग या चुका टाळा

चार्जिंग स्टेशन टाकायचंय म्हणून माझ्याकडे येणारी तरुण पोरंपोरी वाढलीत, आणि ते चांगलंच आहे, या कामात नवीन हात हवेतच. पण बहुतेक जण येतात तेव्हा मशीनचं कोटेशन आधीच हातात असतं. जागा पक्की नाही, तिथे किती लोड मंजूर होणार माहीत नाही, कुठल्या गाड्या येतात आणि किती वेळ थांबतात ते बघितलेलं नाही, आणि मशीन मात्र ठरलंय. हा क्रमच उलटा आहे आणि पुढच्या निम्म्या चुका यातूनच निघतात. माझा क्रम ठरलेला आहे: आधी जागा, मग वीज, मग गाडी तिथे किती वेळ उभी राहणार ते, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

पहिली चूक, चोवीस तासांचा हिशोब

६० किलोवॉटचा चार्जर, गुणिले २४ तास, म्हणजे रोज १४४० युनिट, त्याला दर युनिटमागचा नफा, गुणिले ३० दिवस, झाला महिन्याचा गल्ला तयार. असं एक्सेल मला कोणी दाखवलं की मी तिथेच थांबवतो. चोवीस तास कोणाचाच चार्जर चालत नाही. दिवसाचा १० टक्के वेळ जरी पूर्ण ताकदीने चालला तरी १४४ युनिट होतात, आणि नवीन जागेवर सुरुवातीला तेवढंही धरू नका.

त्यातही '६० किलोवॉट' हा आकडा मशीनचा आहे, गाडीचा नाही. डीसी चार्जिंगमध्ये, म्हणजे मशीनमधून थेट बॅटरीत वीज जाते त्या जलद चार्जिंगमध्ये, किती पॉवर घ्यायची ते गाडीची बॅटरी सिस्टीम ठरवते. छोट्या बॅटरीची गाडी बऱ्याचदा २५-३० किलोवॉटच्या वर जातच नाही, बॅटरी फार गार किंवा फार तापलेली असली तरी वेग पडतो, आणि ८० टक्क्यांनंतर तर जवळजवळ सगळ्याच गाड्या हळू होतात. दोन गनचं, म्हणजे गाडीत लावायच्या दोन प्लगचं मशीन असेल तर दोन्ही गाड्या लागल्यावर बऱ्याच मशीनमध्ये ३०-३० अशी वाटणी होते. मग मशीनमधला लॉस: मीटरमधून १०० युनिट आत गेले तर गाडीत साधारण ९४-९५ उतरतात, कमी लोडवर त्याहून कमी, आणि बिल तुम्ही १०० चं भरता. पंखे, स्क्रीन, लाइट हे गाडी नसतानाही थोडं थोडं खातच राहतात.

आणि डिमांड चार्ज! हा तर पोरांच्या शीटमध्ये सापडतच नाही. बऱ्याच ठिकाणी वीज कंपनी फक्त युनिटचं बिल लावत नाही, महिन्यात सगळ्यात जास्त लोड किती खेचला त्याचाही आकार लावते. १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी धरून हा लोड मोजतात, त्यामुळे महिन्यातून एकदाच दोन मोठ्या गाड्या एका वेळी अर्धा तास लागल्या तरी पूर्ण महिन्याचा आकार त्या अर्ध्या तासावर ठरतो. विक्री कमी असलेल्या स्टेशनला मारतो तो हाच खर्च.

म्हणून मी शीट ५ टक्क्यांवर करायला लावतो. ६० किलोवॉटला दिवसाचे ७२ युनिट. एवढ्यावर भाडं, वीज आणि मेंटेनन्स निघत नसेल आणि वर वर्षभर तग धरायला पैसे बाजूला नसतील, तर छोटं मशीन घ्या नाहीतर जागा बदला. आणि जागा ठरवण्याआधी तिथे जाऊन बसा, एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, वहीत गाड्या लिहा, कुठली आली, कधी आली, कधी गेली. हे सांगितलं की लगेच विचारतात की एवढा डेटा देणारं एखादं ॲप नाही का. दोन दिवस बसायची तयारी नसेल तर हा धंदा नका करू, कारण पुढे यात बसायचंच काम आहे.

थांबायचा वेळ आणि चार्जरचा वेग जुळत नाही ही या पहिल्या चुकीचीच बहीण. माणूस जिथे अर्धा तास थांबतो तिथे ७ किलोवॉटचा एसी बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा हळू चार्जर, लावला तर साडेतीन युनिट जाणार, म्हणजे जेमतेम २०-२५ किलोमीटर, त्यासाठी कोण गाडी लावेल? पण तोच बॉक्स लॉजवर, सोसायटीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावा, आठ तासांत ५६ युनिट जातात, बहुतेक गाड्या फुल. कमी भांडवलात सुरुवात करायची असेल तर खरी संधी इथे आहे, पण सगळ्यांना हायवेवरचं मोठं मशीनच हवं असतं. आणि एसीमध्ये '२२ किलोवॉटचा घेतो, फास्ट होईल' असं करू नका. एसीमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो, भिंतीवरचा बॉक्स म्हणजे संरक्षण असलेला स्विच. गाडीच्या आतला चार्जर ७ चा असेल तर २२ च्या बॉक्समधूनही ७ च येणार.

दुसरी चूक, 'अर्थिंग तर आहेच की'

या एका वाक्याने जेवढी मशीन बदनाम झालीत तेवढी खराब पार्टनेही झाली नसतील.

एका लॉजच्या पार्किंगमध्ये एका मुलाने तीन एसी बॉक्स लावले होते, प्रत्येकी ७.४ किलोवॉट, सिंगल फेज. दिवसा सगळं मस्त. संध्याकाळी सात वाजले की काही गाड्या चार्ज घ्यायला नकार द्यायच्या, गाडीत एरर यायचा, बॉक्सवर लाल लाइट. रात्री अकरानंतर तीच गाडी त्याच बॉक्सवर निमूट चार्ज व्हायची. शेजारची दुसऱ्या कंपनीची गाडी तर संध्याकाळीही घ्यायची. त्यामुळे लॉजवाले म्हणायचे गाडी खराब, गाडीवाले म्हणायचे बॉक्स खराब, आणि बॉक्सवाली कंपनी फोनवर एकच सांगायची, बंद करून चालू करा. एका बॉक्सचा बोर्डही बदलून झाला, संध्याकाळी परत तेच. ॲपवर वाईट रिव्ह्यू पडायला लागले आणि लोक यायचे थांबले.

मी गेलो तेव्हा पहिलं विचारलं, अर्थिंग कुठे आहे. तो म्हणाला, दादा, अर्थिंग तर बिल्डिंगचं आहेच की. दुपारी न्यूट्रल (वीज परत जाणारी तार) आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, दोन व्होल्टच्या आत. संध्याकाळी गिझर आणि किचन चालू झाल्यावर मीटर तिथेच लावून ठेवला आणि तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर पंधराच्या पुढे गेला. तिन्ही बॉक्स एकाच फेजवर, गिझर त्याच फेजवर, आणि पॅनलपासून बॉक्सपर्यंत लांबच लांब बारीक न्यूट्रल. मग मागच्या बाजूला जाऊन पिटाचं, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचं, झाकण उघडलं. माती कोरडी ठणठणीत, पट्टीवरचा बोल्ट गंजून पांढरा पडलेला, हात लावला तर पट्टी हातात आली. म्हणजे कागदावर अर्थिंग होतं आणि जमिनीशी संबंध नव्हता. चार्ज सुरू करण्याआधी अर्थ नीट आहे का हे काही गाड्या फार काटेकोरपणे तपासतात, त्या नकार देत होत्या आणि बरोबर करत होत्या. ज्या गाड्या चार्ज घेत होत्या त्यांचीच मला जास्त काळजी वाटली.

चार्जिंगसाठी दोन नवीन पिट केले, मेन पॅनलमधून वेगळी केबल पूर्ण साइजच्या न्यूट्रलसकट आणली, तीन बॉक्स तीन फेजवर वाटले. एरर गेला. बोर्डाला काहीच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून नाही, मी आधीपासूनच साइटवर गेलो की मशीन बघायच्या आधी पिट उघडतो, आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज दुपारी एकदा आणि भर लोडवर एकदा असं दोनदा मोजतो. एकदाच मोजलेल्या रीडिंगवर माझा विश्वास नाही. अर्थिंगच्या जोडीला लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेला जोड, बघा. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी मात्र सहा-सहा तास सलग ३२ अँपिअर ओढते, त्यामुळे पक्कडीने दाबलेला लग इथे वितळतो. क्रिम्पिंग टूल वापरा, स्क्रू टॉर्कने आवळा, आणि तासभर लोड चालल्यावर टर्मिनल किती तापलंय ते बघा. अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये अशा सलग लोडसाठी १२५ टक्के क्षमतेचं सर्किट धरायला सांगितलंय, नियम कुठलेही असोत, मी तेवढं धरतोच. आणि साधा एसी टाइप आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) इथे चालत नाही, गाडीकडून येणारा डीसी लीकेज तो पकडत नाही, एकतर टाइप बी लावा किंवा टाइप ए लावून बॉक्समध्ये ६ मिलीअँपिअरचं डीसी डिटेक्शन आहे का ते खात्री करून घ्या.

तिसरी चूक, सॉफ्टवेअरमध्ये अडकणं. मशीन स्वस्त मिळतं कारण ते फक्त त्याच कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, उद्या कंपनीने दर वाढवले किंवा गाशा गुंडाळला तर तुमच्याकडे उरतो लोखंडी डबा. ओसीपीपी हा मशीन आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायचा खुला प्रोटोकॉल आहे, १.६ आवृत्ती २०१५ ची, २.०.१ ही २०२० ची. 'ओसीपीपी सपोर्ट आहे' एवढ्या वाक्यावर भुलू नका, पैसे द्यायच्या आधी तेच मशीन दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरला जोडून दाखवा म्हणा, आणि सर्व्हरचा पत्ता बदलायचा पासवर्ड तुमच्या हातात घ्या. टाळाटाळ झाली की समजून जा.

बाकीच्या भराभर सांगतो. बेसमेंटमध्ये मशीन लावण्याआधी सिम तिथे नेऊन सिग्नल बघा. केबल गाडीच्या चारही बाजूंच्या पोर्टपर्यंत पोचते का ते प्रत्यक्ष गाडी लावून बघा. गन जमिनीवर पडू देऊ नका, होल्डर मशीनसोबतच घ्या. डीसी मशीनचे फिल्टर धुळीने भरले की मशीन तापतं आणि गुपचूप पॉवर कमी करतं, म्हणून फिल्टर महिन्याला साफ. चार्ज संपल्यावर गाडी अडवून ठेवणाऱ्याला आकार पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लावला की भांडणं होतात. कनेक्टर तुमच्या भागातल्या गाड्या बघून घ्या, युरोपात सीसीएस २ आहे, चीनमध्ये जीबी/टी, जपानमध्ये चाडेमो, कोणाचा जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून भलताच कनेक्टर गळ्यात घेऊ नका. जागेचा करार भांडवल वसूल व्हायच्या आत संपत असेल तर सही करू नका, आणि वीज मीटर कोणाच्या नावावर हे करारात लिहून घ्या.

आता एक चूक अशी की जी बहुतेकांना चूक वाटतच नाही: धंदा म्हणजे स्वतःचं स्टेशनच, असं धरून चालणं. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्को बे एरियात संशोधकांनी सार्वजनिक जलद चार्जर जागेवर जाऊन तपासले, ६५७ पैकी ७२.५ टक्केच चालू सापडले. त्यानंतर अमेरिकेने सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या चार्जरना ९७ टक्के चालू राहण्याची अट घातली, ब्रिटनने जलद चार्जरच्या नेटवर्कना ९९ टक्क्यांची. म्हणजे चार्जर चालू ठेवणारा माणूस हवाय, आणि या कामाला मशीनएवढं भांडवल लागत नाही. टोंग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा), मेगर (इन्सुलेशन तपासणारा), अर्थ टेस्टर, क्रिम्पिंग टूल, थर्मल कॅमेरा, लायसन्स असलेला एक चांगला वायरमन आणि वेळेवर जायची सवय, एवढ्यावर तुम्ही पाच-दहा स्टेशनांचा वार्षिक करार घेऊ शकता. वरच्या सगळ्या चुका दुसऱ्याच्या मशीनवर बघायला मिळतात ते वेगळंच, मग स्वतःचं टाकताना हात चाचपडत नाही.

काम मागायला जाल तेव्हा दरपत्रक आधी काढू नका. मालकाकडून मागच्या महिन्याचा एरर लॉग मागून घ्या, कुठला एरर किती वाजता आला ते एका कागदावर लिहा, शेजारी त्या जागेवरचे बाकीचे लोड कधी चालू होतात ते लिहा. दोन्ही वेळा जुळल्या की दोष मशीनच्या आत आहे की वायरिंगमध्ये ते निम्मं तिथेच कळतं, आणि तो कागद मालकासमोर ठेवलात की दराची बोलणी सोपी जातात.